मुलुंडमधला बोगदा

मुलुंडमध्ये बोगदा नाही. तेव्हाही नव्हता. एका बाजूला डोंगर होते, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं होती, पण मोटार आत घालून पलीकडे बाहेर पडावं असं भोक आमच्याकडच्या डोंगराला कुणी पाडलेलं नव्हतं. तरीही मास्तरांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये बोगदा पार केल्याशिवाय कुणालाही परवान्याच्या परीक्षेला बसता येत नसे.

नवा विद्यार्थी आला की चार-पाच दिवसांत हा प्रश्न निघायचाच.

"पण मास्तर, मुंबईत बोगदा आहेच कुठे?"

"तुम्ही काय जन्मभर मुंबईतच राहणार?" मास्तर उखडायचे. "उद्या साताऱ्याला गेलात, काश्मीरला गेलात, समोर बोगदा आला, मग काय कराल? गाडी वळवून घरी याल?"

काश्मीरला निघालेलं मुलुंडमध्ये तेव्हा कुणीच नव्हतं. कुणी मुलुंड चेकनाक्यापर्यंत जायला शिकत होतं, कुणी टॅक्सी चालवायला, तर कुणी सासऱ्यांनी लग्नात गाडी दिली म्हणून नाइलाजानं. क्लच, गिअर, हाताचे इशारे हे सगळं मास्तर शिकवत, पण शाळेत नागरिकशास्त्राचा तास उरकतात तसं. त्यांचा जीव बोगद्यात.

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या वडिलांमुळे. साठी जवळ आल्यावर त्यांना मोटारीची हौस सुटली आणि त्यांनी एक जुनी गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात त्या गाडीनं आमच्या फाटकाचा एक खांब पाडला, दुसऱ्या आठवड्यात दुसरा. आईनं फर्मान काढलं, "आता या घरात गाडी शिकेल तर ही. तुम्ही मागे बसायचं आणि पेपर वाचायचा." मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. साडी नेसून गाडी चालवणारी बाई बघायला आमच्या गल्लीतली माणसं सुरुवातीला गॅलरीत येऊन उभी राहायची. मास्तर खिडकीतून डोकं काढून त्यांना ओरडायचे, "काय बघताय? रस्त्यातली पोरं आवरा आधी!"

मास्तर बुटके होते. डोक्यावर कायम खाकी टोपी, पायात कायम चामडी चपला, आणि शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे एक छोटी बॅटरी. त्यांच्या शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता. आपण काही चुकायच्या आतच मास्तर त्यावर पाय ठेवत, त्यामुळे त्यांची गाडी मुलुंडभर आचके देत फिरायची. त्यांचा आणखी एक नियम होता. एरवी ते मला "पोरी" म्हणत, अगं-तूगं करत. पण मी स्टिअरिंगवर बसले रे बसले की लगेच "अहो बाई, तुम्ही." टॅक्सी शिकायला आलेल्या मिसरूड न फुटलेल्या पोरालाही "अहो साहेब, डावीकडे घ्या." मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चाक ज्याच्या हातात त्याला अहो-जाहो करावं. आपला जीव असतो त्याच्याकडे." गाडीतून उतरताच तोच साहेब पुन्हा "ए गाढवा" व्हायचा.

आता बोगदा. आग्रा रोडला एक बंद पडलेला कारखाना होता. त्याची लांबलचक पत्र्याची शेड दोन्ही टोकांना उघडी होती. मास्तरांनी तिच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलं, पत्र्याची भोकं डांबरानं बुजवली, आणि बोगदा तयार झाला. तिथल्या रखवालदाराशी त्यांची बोली होती की शेड वापरू द्यायची, बदल्यात मास्तर त्याला फुकट गाडी शिकवणार. तो बिचारा दर खेपेला बोगद्यात नापास व्हायचा, त्यामुळे ती बोली कधी संपलीच नाही. मास्तर त्याला मुद्दाम नापास करतात असं आमच्यातले काही टवाळ म्हणत. मला ते खरं वाटतं.

बोगद्याचा धडा भर दुपारी असायचा. शेडबाहेर चुन्यानं रंगवलेली एक भिंत होती. तिच्यासमोर गाडी उभी करून मास्तर आपल्याला उन्हात त्या भिंतीकडे बघायला लावत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग म्हणत, "आता घाला आत." आत शिरलं की काही म्हणजे काही दिसायचं नाही. नुसता काळोख आणि बाजूला मास्तरांचा आवाज.

"दिसतंय काही?"

"नाही."

"मग एवढ्या जोरात कशाला आलात? डोळ्यांना आत यायला वेळ लागतो, बाई. गाडी आधी पोचते, डोळे मागून येतात. बाहेर असतानाच वेग कमी करायचा, गॉगल काढायचा, दिवे लावायचे. आत आल्यावर शोधाशोध नाही."

आणि मग बाकीचं. आत कुणाला ओलांडायचं नाही. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटायचं नाही. पलीकडच्या उजेडाकडे टक लावायची नाही, कारण माणूस उजेडाकडे बघत बसतो आणि चाकाखाली काय आलं ते त्याला कळत नाही. आत अडकलात तर इंजिन बंद, मागचे दिवे चालू. "धूर जायला आत जागा नसते. बाहेर आपण धूर सोडतो नि पुढे निघून जातो. आत तोच आपल्याला परत प्यावा लागतो." हे सांगताना ते खरोखरच खोकून दाखवत.

शेवटच्या परीक्षेला मास्तर गाडीत नसत. अंगावर काळं घोंगडं घेऊन ते शेडमध्ये कुठेतरी उभे असत. आज आत बैलगाडी आहे की नाही, हे आधी सांगायचं नाही असा नियम होता. बैलगाडी म्हणजे स्वतः मास्तर. घाटकोपरच्या एका कापडवाल्या शेठजींच्या दिव्यात ते घोंगडं अचानक आलं, तेव्हा शेठजींनी ब्रेक मारला हे खरं, पण मग गाडी तिथेच टाकून ते धावत बाहेर आले आणि तसेच स्टेशनकडे गेले. पुढे त्यांनी आपल्या मुलाला पाठवलं.

मी थांबले होते. मास्तर आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. त्यांनी घोंगड्यातून हात काढून बॉनेटवर टकटक केलं आणि म्हणाले, "पास. पण हॉर्न का वाजवलात? आत हॉर्न घुमतो, कुठून आला ते कळत नाही. बैल बिथरला असता म्हणजे?"

या शिकवणीचा एक परिणाम असा झाला की मुलुंडची माणसं कुठेही ओळखू येऊ लागली. डोक्यावर छप्पर आलं की मास्तरांच्या विद्यार्थ्याचा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जायचा. रेल्वेच्या पुलाखाली, दाट झाडांच्या सावलीत, रस्त्यात आलेल्या लग्नाच्या मांडवाखालीसुद्धा. दिवे लावायची सवय पक्की होती, मालवायची तेवढी नव्हती, म्हणून आमच्याकडे बॅटऱ्या उतरलेल्या गाड्या ढकलणारे लोक रोज दिसत. परवान्याच्या परीक्षेत मी एका वडाखालून जाताना भर दुपारी दिवे लावले, तेव्हा शेजारचे इन्स्पेक्टर मान न वळवता म्हणाले, "मुलुंडच्या ना?" आणि त्यांनी सही केली.

मास्तरांना एकच मुलगी. बायको लवकर गेलेली, त्यामुळे पोरीला त्यांनीच वाढवलं होतं, वेण्या घालण्यापासून सगळं. तिच्यासाठी त्यांनी एक मुलगा मनात धरून ठेवला होता. त्याचा मोठा गुण म्हणजे तो बोगद्यात पहिल्या फटक्यात पास झाला होता. पण मुलीला आवडला शिरवळचा एक शाळामास्तर, आणि त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. मास्तरांनी चार दिवस तोंड फुगवलं, मग लग्न थाटात लावून दिलं. फक्त पाठवणीच्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असताना, हे पटकन बोलून गेले, "दुसरं कुठलं गाव नाही मिळालं तुला? बोगद्यापलीकडचंच बरं सापडलं!"

पुण्याहून शिरवळला जायचं तर कात्रजचा घाट चढायचा आणि माथ्यावरच्या बोगद्यातून पलीकडे उतरायचं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तरी मास्तर एकदाही मुलीच्या घरी गेले नव्हते. कधी गाडी गॅरेजमध्ये, कधी विद्यार्थ्यांच्या परीक्षा, कधी गुडघा. मुलगी दोनदा येऊन गेली, तीही नवऱ्याबरोबर, घाईघाईत. नंतर तीही येईनाशी झाली. लोक म्हणत, मास्तरांचा राग अजून गेलेला नाही. मीही तेच समजत होते.

मग एका रविवारी जावई एकटेच आले. मुलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यात काही विचारण्यासारखं नव्हतं. माझी आई आणि शेजारच्या काकू मिळून सगळं करणार, हेही ठरून गेलं होतं. पण जावयांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अवघडून सांगितलं, "ती म्हणते, बाबा स्वतः न्यायला आले तरच येईन. नाही आले तर बाळंतपण शिरवळलाच, आणि मग पुन्हा मुलुंडचं नावही काढणार नाही."

त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. टोपी हातात होती. इतक्या वर्षांत मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं.

"वहिनी, पोरीला दोन दिवस माझ्याबरोबर पाठवा. शिरवळला जायचंय, लेकीला आणायला."

"हिला कशाला?" आई म्हणाली. "तुम्ही आहात की एवढे मास्तर!"

"ही बोगद्यात पास आहे," मास्तर म्हणाले.

आईला वाटलं, गरोदर पोरीला वाटेत बाईमाणसाची सोबत हवी आणि ते स्पष्ट बोलायला मास्तर लाजतायत. तिनं लगेच परवानगी दिली, वर डिंकाचे लाडू दिले.

जावई त्याच रात्री परत गेले. आम्ही पहाटे मास्तरांच्या शिकवायच्या गाडीनं निघालो. पनवेल, खोपोली, खंडाळ्याचा घाट, सगळं मास्तरांनी स्वतः चालवलं आणि काय चालवलं! ट्रकवाले त्यांना वाट देत होते. पुणं मागे पडलं, कात्रजचा घाट लागला, तसे ते गप्प गप्प होत गेले. माथ्यावर बोगद्याचं तोंड दिसलं मात्र, त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि फिरून माझ्या दाराशी आले.

"तुम्ही बसा आता चाकावर."

"मी? का हो?"

"मला येत नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते एका धोंड्यावर जाऊन बसले, आणि मग सांगू लागले. तरुणपणी ते एका मोटार सर्व्हिसची गाडी याच रस्त्यावर चालवत. असंच भर दुपारचं ऊन, डोळ्यांवर गॉगल, गाडी माणसांनी गच्च भरलेली. रोजचा रस्ता म्हणून जोरात आत शिरले आणि आंधळे झाले. दिवे लावायला हात गेला आणि दिवा लागला तेव्हा समोर बैलगाडी. कंदील नाही, काही नाही. "ब्रेक लागला. कुणाला काही झालं नाही. एका बैलाचं शिंग रेडिएटरला टेकलं होतं. आणि तो गाडीवान, पोरी, झोपलेलाच होता. त्याला जागसुद्धा आली नाही. माझी मात्र झोप गेली ती गेली. गाडी कशीबशी बाहेर काढली, मालकाला किल्ली दिली, आणि मुंबई गाठली. पुन्हा या भोकात शिरलो नाही. चाकावर नाही की दुसऱ्याच्या एसटीतही नाही."

"म्हणून मुलीकडे आला नाहीत?"

"दुसरा रस्ता आहे. नीरेपर्यंत रेल्वेनं जायचं, मग पुढे वळसा. रेल्वेच्या बोगद्याचं मला काही वाटत नाही, त्यात समोरून बैलगाडी येत नाही. पण लेक विचारणार ना, बाबा, सरळ रस्ता सोडून असे कुठून आलात? तिला काय सांगू? अख्ख्या मुलुंडला बोगदा शिकवतो, त्यात मी स्वतः जात नाही म्हणून?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. मी चाकावर बसले. गॉगल नव्हताच, दिवे लावले, हळू आत शिरले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही पाय आपल्या ब्रेकवर असे रोवले होते की गाडी पुढे सरकेना. मला सांगावं लागलं, "मास्तर, पाय काढा." त्यांनी मांडी घातली आणि आम्ही पलीकडे निघालो.

मुलीनं बापाला दारात बघितलं आणि ती पुढे आली. पाया पडली, पाणी दिलं, पण बोलणं तुटक. "आलात? बरं केलंत." दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी, लोणच्याची बरणी आणि सासूबाईंच्या सूचना घेऊन आम्ही परत निघालो. ती मागच्या सीटवर, उशीला टेकून.

बोगद्याशी येताच मास्तरांनी पुन्हा गाडी थांबवली.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"पाय आखडला. ह्या चालवतील थोडं."

आम्ही आत शिरलो आणि निम्म्यात पोचतो तोच पुढच्या गाड्यांचे मागचे दिवे लाल झाले. कुणाचा तरी ट्रक आडवातिडवा बंद पडला होता. मी अंतर ठेवून थांबले, इंजिन बंद केलं, मागचे दिवे चालू ठेवले. पण बाकीच्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मागची एसटी घरघरत होती, पुढचा ट्रक काळा धूर सोडत होता, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. तो आवाज भिंतींवर आपटून कानांत शिरत होता. मी काचा लावून घेतल्या तरी धूर आत आलाच.

मास्तर शेजारी दगडासारखे बसले होते. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या. मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूच गेली नाही. मागे मुलगी खोकायला लागली. आधी थोडं, मग थांबेचना. तिनं पदर नाकाला लावला, पोटावर हात ठेवला.

"बाबा, मला गुदमरतंय."

त्यानंतर काय झालं ते मला अजून नीट आठवतं. मास्तरांनी दार उघडलं. खिशातली बॅटरी काढली, मागचं दार उघडून लेकीचा हात धरला, आणि मला म्हणाले, "बाई, वाट मोकळी झाल्याशिवाय हलू नका." आवाज फाटलेला होता. मग ते भिंतीच्या कडेकडेनं लेकीला घेऊन चालत निघाले. वाटेत येईल त्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारत आणि ओरडत.

"इंजिन बंद कर रे! ए भाऊ, बंद कर! पोटुशी बाई आहे आत! हॉर्न कसला वाजवतोस, तुझ्या हॉर्ननं ट्रक उडणार आहे काय?"

एकेक इंजिन बंद होत गेलं. हॉर्न थांबले. शेवटी बोगद्यात मास्तरांच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता, आणि त्यांची बॅटरी पुढे पुढे जाताना दिसत होती. मग ट्रकवाले खाली उतरले आणि सगळ्यांनी मिळून तो ट्रक ढकलत बाहेर नेला.

मी गाडी बाहेर काढली तेव्हा ती दोघं कडेच्या कठड्यावर बसली होती. वारा छान होता. खाली पुण्याकडचा सगळा मुलूख उन्हात पसरलेला दिसत होता. मुलीचा चेहरा धुवून पुसल्यासारखा स्वच्छ झाला होता. एक ट्रकवाला तिला तांब्यातून पाणी देऊन गेला होता. मास्तरांचे हात मात्र अजून थरथरत होते, आणि ती ते आपल्या दोन्ही हातांत धरून बघत होती.

"बाबा, हे काय? तुमचे हात असे का कापतायत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणी नीट आहे का ते बघण्याचं निमित्त करून डिकी उघडली, पण कान तिकडेच होते.

"मला भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. "बोगद्याची. तरुणपणापासून. म्हणून नाही आलो तुझ्याकडे. काल हिनं आणलं, आज तू आणलंस."

तिनं त्यांचे हात आणखी घट्ट धरले.

"आणि मी तिकडे रोज रडत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून तुम्ही माझं तोंड बघत नाही. सासरी कुणी विचारलं की खोटं सांगायचे मी. म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता?"

"वेडी का काय तू?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "रागावलो असतो तर आलो असतो गं. भांडायला तरी आलो असतो."